ह्यांना लागणारा करंट

फ्रिज चावतो, हे काकांनी तीनदा सांगितलं आणि काकूंनी तिन्ही वेळा हसण्यावारी नेलं. पहिल्या दोन वेळा घरात दोघंच होती, म्हणून ते खपून गेलं. तिसऱ्या वेळी मात्र शेजारचे निवृत्त हेडमास्तर समोर बसले होते, खालच्या मजल्यावरची शिवणवाली माप घ्यायला आली होती, आणि काका पाण्याची बाटली आणायला गेले ते हात झटकत परत आले.

"झिणझिण्या आल्या. दाराच्या दांडीत करंट आहे," काका म्हणाले.

"मला बरा नाही लागत," काकू म्हणाल्या. "दिवसातून पन्नास वेळा उघडते मी. फ्रिजलाही कळतं, पाण्याला कोण आलंय आणि गोडाच्या डब्याला कोण आलंय. चोरालाच चावतो तो."

शिवणवाली तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसली. हेडमास्तर चष्मा काढून हसले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात वर्गात कोणाला हसू दिलं नाही, तो माणूस असा हसला म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्यावं. काका हसले नाहीत. आत गेले, पिशवी भरली, आणि दारात उभं राहून म्हणाले, "माझ्या हाताला कळलेलं ज्या घरात खोटं ठरतं, तिथं मी राहून तरी काय करू?" आणि बसनं बहिणीच्या गावी निघून गेले.

"जाऊ देत," काकू म्हणाल्या. "वन्संच्या हातचं जेवले की चार दिवसांत पाय लावून पळत येतील."

महिना उलटला. वन्संच्या हाताला आता चव आली असावी.

एकटीनं राहण्यात काही वाईट नसतं. वर्तमानपत्राची पानं लावलेल्या क्रमानं राहतात, नळ ठिबकत नाही, आणि दुपारी कोणी दर पाच मिनिटांनी "काय म्हणालीस?" असं विचारत नाही, कारण मुळात आपण काही म्हणालेलोच नसतो. काकू हे सगळ्यांना सांगत होत्या. फक्त साखरेच्या बरणीचं कोणाला सांगत नव्हत्या. काकांना कुठलंही झाकण जीव खाऊन लावायची खोड. जाण्याच्या दिवशी सकाळी चहा करून त्यांनी बरणी लावली ती अशी, की काकूंना उघडेना. चमच्यानं ठोकली असती तर उघडली असती, काकूंनी याआधी शंभरदा ठोकून उघडली होती. पण या वेळी त्यांनी साखरेचा नवा पुडा आणला, वाटीत ओतला, वर ताटली झाकली, आणि बरणी होती तशी फळीवर राहू दिली. मुंग्या वाटीत झाल्या. काकू मुंग्या वेचत चहा पीत होत्या.

संध्याकाळी वन्संचा फोन यायचा. काका फोनवर येत नसत, मागून बोलत.

"वहिनी, दादा विचारतोय, दूधवाला वेळेवर येतो का."

"येतो म्हणावं."

"दादा, येतो म्हणे. वहिनी, तो म्हणतोय, फ्रिजचं काय झालं."

"फ्रिजला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

वन्सं मग हवापाण्याचं बोलत आणि फोन ठेवत. असे बरेच फोन झाल्यावर एका संध्याकाळी वन्संनी सहज म्हणून सांगितलं, "दादा पेन्शन इकडच्या बँकेत बदलून घेतो म्हणतोय. अर्ज आणलाय."

काकू ताटली झाकायला विसरल्या. माणूस रुसून पिशवी घेऊन जातो तेव्हा परत येण्याची सोय ठेवूनच जातो; पण पेन्शन बदलून घेणारा माणूस रुसलेला नसतो, तो राहायला गेलेला असतो. आता "या" म्हणायला हवं होतं. पण नुसतं "या" म्हटलं की "मी चुकले" हे त्याच्या मागोमाग दाराशी येऊन उभं राहतं, आणि तो पाहुणा काकूंनी आजवर घरात घेतलेला नव्हता. म्हणून काकूंनी ठरवलं, आपण काही म्हणायचंच नाही. करंट आहे असं निघालं, तर करंटच काय ते म्हणेल.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. त्यानं टेस्टर दांडीला टेकवला. टेस्टरातला दिवा पेटला की नाही यावर तिथं तीन मतं पडली. वायरमन म्हणाला, पेटलाय. हेडमास्तर म्हणाले, खिडकीतला उजेड आहे. शिवणवाली म्हणाली, काजव्याएवढा पेटला होता, पण आता विझला.

"टेस्टरचं काही खरं नसतं," वायरमन म्हणाला. "ओल्या भिंतीलाही पेटतो. खरं बघायचं तर बोर्ड उघडून अर्थिंग तपासायला पाहिजे. पण तुमचा बोर्ड लोखंडी कपाटाच्या मागं. कपाट हलवायला चार माणसं लागतील. आधी नक्की करा करंट आहे की नाही, मग माणसं आणतो."

"आणि नक्की कसं करायचं?"

"क्लॅम्प मीटर. खेकड्याच्या नांगीसारखा असतो. वायर कापायची नाही, नुसती नांगीत धरायची. आतून किती जातंय ते आकड्यात दिसतं."

"मग लाव की."

"माझा मेव्हण्यानं नेलाय."

वीज कंपनीच्या कचेरीत काकू गेल्या ते केवळ भरलेल्या बिलांचा काहीतरी उपयोग व्हावा म्हणून. खिडकीतल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, फाइलवर पेन आपटलं आणि म्हणाला, "तुमच्या दारातल्या मीटरच्या अलीकडं जे आहे ते आमचं. पलीकडं जे आहे ते तुमचं."

"आणि पलीकडं उभ्या असलेल्या माणसाला लागतो तो करंट?"

"तो त्या माणसाचा."

काकूंना हे उत्तर मुळीच आवडलं नाही, आणि घरी येईपर्यंत त्या त्याचाच विचार करत होत्या.

"एवढं कशाला?" शिवणवाली म्हणाली. "नवा फ्रिज घ्या, काकू. हप्त्यानं मिळतो."

बोलायला सोपं. फ्रिज बदलला की काका खरे होते की खोटे होते हे जन्मभर तसंच लोंबकळत राहणार. रद्दीवाल्याच्या गाडीवर फ्रिज नव्हे, काकांचा शब्द चढवून दिल्यासारखं. काकू इतकं सगळं शिवणवालीला बोलल्या नाहीत. "फ्रिजला काही झालेलं नाही," एवढंच म्हणाल्या आणि मीटर घ्यायला बाहेर पडल्या.

पहिला मीटर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आला. नांगी चांगली मुठीएवढी, रंग पिवळाधमक. हेडमास्तरांनी माहितीपत्रक मोठ्यानं वाचलं, घसा खाकरला, आणि फ्रिजची अख्खी दोरी नांगीत धरली. आकडा आला शून्य. त्यांनी मीटर उलटा धरून पाहिला. शून्य.

"वहिनी, अभिनंदन," हेडमास्तर म्हणाले. "करंट नाही. शास्त्रानं तुमची बाजू उचलून धरली आहे."

जिन्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून म्हणालं, "काकू, जिंकलात म्हणे." काकू मान ताठ ठेवून "मी तर आधीच म्हणत होते" म्हणाल्या, घरात आल्या, दार लावलं, आणि मुंग्यांची वाटी पुढं घेऊन बसल्या. आयुष्यात एवढे वाद जिंकल्या होत्या. जिंकल्यावर घरात इतकं सामसूम असतं हे कधी ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा समोर हरलेला माणूस पेपर वाचत बसलेला असायचा ना.

सकाळी त्या मीटर घेऊन दुकानात हजर. "हा खोटं बोलतो," म्हणाल्या.

"मावशी, अख्खी दोरी धरली असणार तुम्ही," हार्डवेअरवाला म्हणाला. "एका तारेतून जातं, दुसरीतून परत येतं. दोन्ही एकत्र धरल्यात तर फिट्टंफाट. एकच तार धरायची." आणि त्यानं वीतभर दोरी सोलून, आतल्या तिन्ही तारा सुट्या केलेला एक जोड बनवून दिला.

घरी येऊन काकूंनी एक तार धरली. मीटर लगेच म्हणाला, शून्य पॉइंट नऊ. काकूंचा जीव असा भांड्यात पडला की त्यांनी संध्याकाळची वाटच पाहिली नाही. आपण होऊन वन्संना फोन लावला.

"वन्सं, त्यांना सांगा, सापडला. शून्य पॉइंट नऊ आहे."

मागून कुजबुज झाली. नळाखालची भांडी थांबली. मग वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दादा म्हणतोय, तो फ्रिज खातो तो करंट. फ्रिज चालायला लागतो तेवढा. मला खातो तो वेगळा."

"असं म्हणाले?"

"हो. आणि म्हणाला, तिला म्हणावं उगाच मन राखायला आकडे सांगू नकोस."

मन राखायला. कोणाचं मन राखल्याचा आरोप काकूंवर आजवर झाला नव्हता. तो पचायला त्यांना अख्खी दुपार लागली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत नुसत्या मापायच्या यंत्रांचं एक दुकान होतं. काचेच्या कपाटांत शंभर तऱ्हेचे मीटर, आणि काउंटरमागं एक लांबट माणूस, डोळ्याला सोनाराचं भिंग लावून कुठल्यातरी मीटरच्या पोटात बघत होता. काकूंनी पिवळा मीटर त्याच्यासमोर ठेवला.

"हा कोळशाचा काटा आहे," तो भिंग न काढता म्हणाला. "यावर तुम्ही सोनं तोलताय. काय शोधायचंय?"

"माणसाला लागतो तेवढा करंट."

"किती लागतो?"

"झिणझिण्या येतात. मरत नाही. रुसून बहिणीकडं जातो."

त्यानं भिंग काढलं. मग एकेक मीटर मांडायला सुरुवात केली. हा बारीक दाखवतो पण नांगी लहान. हा बारीक दाखवतो पण शेजारच्या तारेचंही ऐकतो, मन एकाग्र नाही. हा उत्तम, पण याच्या किमतीत फ्रिज येईल. काकू नवरा मुलगा बघायला आल्यासारख्या प्रत्येकाला हातात घेऊन, उलटसुलट करून, "हा कितपत बारीक बघतो?" एवढंच विचारत होत्या. शेवटी एक उरला, त्याच्या पडद्यावरचे आकडे पुसट झालेले होते. तो वापरलेला होता. मिलिअँपिअरचाही शंभरावा भाग दाखवतो, दुकानदार म्हणाला.

"याला मात्र जाणारी आणि येणारी, दोन्ही तारा एकत्र द्यायच्या. हिरवी, अर्थिंगची, बाहेर ठेवायची."

"पण मग फिट्टंफाट होणार ना?"

"तेच तर. गेलेलं सगळं परत आलं तर शून्य. जे गेलं आणि परत आलं नाही, तेवढंच हा दाखवतो."

काकू मीटरकडं बघत राहिल्या. "असंही यंत्र असतं होय," म्हणाल्या, आणि किमतीत घासाघीस करायच्या राहिल्या. असं त्यांच्या हातून लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. पिवळा मीटर बदल्यात दिला, वरचे पैसे दिले, आणि पुसट आकड्यांचा तो म्हातारा मीटर पदराखाली धरून घरी आणला. घाईत घरातल्या रबरी चपलांवरच बाहेर पडल्या होत्या, त्यातल्या एकीचा अंगठा वाटेत पायरीला ठेच लागून तुटला. तशाच पाय ओढत आल्या.

घरी जमलेल्या मंडळींसमोर दोन्ही तारा नांगीत गेल्या. सगळे वाकले.

शून्य.

"शून्य पॉइंट शून्य शून्य," हेडमास्तरांनी खुलासा केला. "आता तर दोन दशांश स्थळांपर्यंत तुम्ही खऱ्या आहात, वहिनी."

"काकू, आता तर कायमच्या जिंकलात," शिवणवाली म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काकूंनी तिच्याकडं असं पाहिलं की ती ब्लाउज तसाच टाकून खाली निघून गेली. हेडमास्तर आणखी एका दशांश स्थळाबद्दल बोलणार होते, तेही गेले.

वायरमनला उद्या चार माणसं घेऊन ये म्हणून सांगून ठेवलेलं. आता कशाला यायची ती? करंटच नाही तर कपाट हलवून काय बघायचं, मागची जळमटं? काकूंनी तारा तशाच मीटरच्या नांगीत राहू दिल्या. उपटून टाकायलाही मन होईना. संध्याकाळी फोन आला तेव्हा वन्संनी विचारलं, "वहिनी, दादाचा लोकरीचा स्वेटर कुठं आहे? पाठवता का?"

"पाठवते," काकू म्हणाल्या. स्वेटर काढला, घडी केली, मोडली, पुन्हा केली. तो सोफ्याच्या हातावर ठेवला आणि झोपल्या.

सकाळी उठून त्यांनी घर पुसायला काढलं. मन थाऱ्यावर नसलं की काकू फरशी पुसतात. त्या महिन्यात फरशी आरशासारखी झाली होती. स्वयंपाकघर निम्मं पुसून झालं. फडकं बादलीत टाकून, दूध काढायला म्हणून त्या उठल्या आणि फ्रिजच्या दांडीला हात घातला.

झिणझिणलं.

बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, जसं कोणीतरी आत मुंग्यांची वाटी सांडली. काकूंनी हात मागं घेतला. मग खाली पाहिलं. पाय अनवाणी होते, ओल्या फरशीवर. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या रबरी चपला त्या घरात एक क्षणही काढत नसत. काल एक चप्पल तुटली म्हणून आज दोन्ही दारात राहिल्या होत्या. आणि काका? काका स्वयंपाकघरात कायम अनवाणी. कारण स्वयंपाकघरात चपला चालणार नाहीत, हा या घरातला नियम होता, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सोडून. नियम कोणी केला होता ते विचारायचं काम नाही.

त्यांनी मीटरकडं पाहिलं. शून्य. ओला हात पुन्हा दांडीवर ठेवला, दात आवळून. पुसट आकडे हलले. शून्य पॉइंट तेवीस. हात काढला, शून्य. ठेवला, तेवीस. फ्रिजमधलं ते जे काही होतं, ते एरवी कुठंच जात नव्हतं, वाट नसल्यासारखं गुपचूप आत बसून होतं. अनवाणी माणूस येऊन हात लावेल तेव्हाच ते निघायचं. महिनाभर या घरात अनवाणी माणूसच नव्हता, तर दाखवणार कोण?

काकूंनी आणखी एकदा हात ठेवला. खरं तर गरज नव्हती. पण महिन्याभरात या घरात काकांच्या ओळखीचं असं काही पहिल्यांदाच हाताला लागत होतं. ते काय सांगत होते ते हेच. असंच, इथवर, कोपरापर्यंत. आणि आपण चोर म्हणालो.

हात पदराला पुसून त्यांनी फोन लावला.

"वन्सं, त्यांना द्या."

"वहिनी, तो मागच्या दारी—"

"मागून नको. फोनवर द्या."

मग खाकरल्याचा आवाज. दारातून आत येताना काका खाकरायचे तसा. महिनाभर हा खाकरा घरात नव्हता.

"बोल," काका म्हणाले.

"लागतो," काकू म्हणाल्या.

"काय?"

"करंट. लागतो. मला लागला आत्ता."

"किती?"

"शून्य पॉइंट तेवीस मिलि. मीटरवर."

काकांनी विचार केला. "मला जास्त लागायचा," म्हणाले.

"असेल."

"असेल नाही. होता. माझा खांद्यापर्यंत यायचा."

एरवी काकूंनी याला उत्तर दिलं असतं. ओठावर आलंही होतं. "मग या," त्या म्हणाल्या. "या आणि दाखवा. मीटर लावूनच ठेवलाय."

पलीकडं वन्सं काहीतरी विचारत होत्या. काकांनी फोनवर हात ठेवून त्यांना "अर्ज राहू दे" म्हटलेलं काकूंनी ऐकलं. मग ते फोनमध्ये म्हणाले, "दुपारच्या बसनं निघतो. आणि ऐक, मी येईपर्यंत कोणाला काही दुरुस्त करू देऊ नकोस. नाहीतर म्हणशील, नव्हताच."

"नाही म्हणणार."

फोन ठेवला तेव्हा दारात वायरमन उभा होता, मागं चार धिप्पाड माणसं.

"काकू, कपाट," वायरमन म्हणाला.

"आज नाही. उद्या."

"म्हणजे करंट सापडला नाही?"

"सापडला. पण ह्यांना एकदा लागू दे. मग काय ते अर्थिंग करा."

वायरमननं चारही माणसांकडं वळून पाहिलं, बहुतेक आपण ऐकलं तेच त्यांनीही ऐकलं का हे बघायला. "काकू, माणसाला करंट लागावा म्हणून थांबायचं?"

"एवढासा तर आहे. आलात तसे बसा, चहा करते. साखर कमी लागेल, वाटीत मुंग्या आहेत."

माणसं ओळीनं बसली. त्यातला एक, तहानलेला, घरच्यासारखा उठून स्वयंपाकघरात गेला आणि थंड पाण्यासाठी फ्रिजच्या दांडीकडं हात नेला.

"हात काढ," काकू गॅसपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या. "माठातलं पी. तो करंट ह्यांचा आहे."